भरलेलं घर आणि हट्टी कुत्रा: त्यानं सगळ्यांचं ऐकावं म्हणून काय करायचं

आमची कुत्री झिपरी सोफ्यावर चढली की मी म्हणायचे "खाली", आई म्हणायची "उतर गं बाई", दादा म्हणायचा "ऑफ", नऊ वर्षांची पुतणी "डाउन डाउन" करत तिच्या शेजारीच जाऊन बसायची, आणि बाबा काहीच म्हणायचे नाहीत, उलट पेपर जरा सरकवून तिला जागा करून द्यायचे. आणि मग एक दिवस दादानं तिचा पट्टा धरून तिला खाली ओढलं आणि ती गुरगुरली. दात दिसेपर्यंत. दादाचा चेहराच उतरला, आणि रात्री जेवताना सगळ्यांचं एकमत झालं की हिला धाक राहिलेला नाही, घरात मोठं कोण ते आता हिला दाखवायलाच पाहिजे.

हे त्याच टप्प्यावर असलेल्यांसाठी लिहितेय. घरात बरीच माणसं, कुत्रा डोक्यानं तेज आणि मनाचा हट्टी, एकाचं ऐकतो आणि बाकीच्यांना विचारत नाही. एकटा माणूस आणि एक कुत्रा असेल तर चुका तरी एकसारख्या होतात, कुत्रा त्यातून काहीतरी अर्थ लावतो. भरल्या घरात पाच जणांच्या पाच तऱ्हा, आणि मग कुत्रा हट्टी आहे की घर गोंधळलेलं आहे हेच कळेनासं होतं. आमच्याकडे दोन्ही होतं.

आधी ते "मोठं कोण ते दाखवणं" मनातून काढून टाका. हे खूळ आलं कुठून ते सांगते. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या प्राण्यांच्या अभ्यासकानं प्राणीसंग्रहालयात ठेवलेल्या लांडग्यांवरचा अभ्यास मांडला. बंद आवारात एकत्र कोंडलेले लांडगे, त्यांच्यातली भांडणं बघून कळपात वरच्या जागेसाठी झुंज चालते असं चित्र तयार झालं आणि "अल्फा", म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द रुळला. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये ते आणखी लोकांपर्यंत नेलं, पण पुढे त्यांनीच कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समिअर बेटावर कित्येक उन्हाळे मोकळे लांडगे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथं मारामारी करून कुणी गादी मिळवत नाही. म्हणजे लांडग्यांच्या बाबतीतच जे खरं नव्हतं ते आपण घरातल्या कुत्र्यावर लावत बसलो, उताणं पाडून दाबून धरा, डोळ्यांत डोळे घालून बघा, मानेची कातडी धरून हलवा.

आणि त्याचा परिणाम काय होतो तेही लोकांनी तपासलंय. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांचा एक अभ्यास आला, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी विचारलं की तुम्ही घरी काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्यानं त्यावर काय केलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली होती त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांचा कुत्रा उलट आक्रमक झाला होता, उताणं पाडून धरणाऱ्यांमध्ये ३१ टक्के, नजर रोखून बघणाऱ्यांमध्ये ३० टक्के. आता भरल्या घराच्या दृष्टीनं विचार करा. दादात ताकद आहे, तो दाबून धरेल. आईत नाही, पुतणीत तर नाहीच. जोरावर मिळवलेला दरारा ज्याच्याकडे जोर आहे त्याच्यापुरताच राहतो, आणि धास्तावलेला कुत्रा घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या अंगावर गेला तर ते कुणाला परवडणार आहे?

मग अधिकार म्हणजे काय? माझ्या मते एवढंच, की तुमच्या तोंडून शब्द निघाला की पुढे काय होणार हे कुत्र्याला पक्कं माहीत असतं, आणि त्यात त्याचा फायदा असतो. कुत्रा घरातल्या प्रत्येक माणसाचं वेगळं खातं ठेवतो. माझ्या "बस"ला अर्थ आहे कारण मी शंभर वेळा तो शब्द निभावलाय, दादाच्या "बस"ला नाही कारण दादानं कधी निभावलाच नाही. माझ्या खात्यातलं दादाच्या खात्यात टाकता येत नाही. मी शेजारी उभी राहून "अगं ऐक ना दादाचं" म्हटलं तर ती ऐकते, पण माझंच ऐकते. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं त्यातून आपोआप निघतं: नियम सगळ्या घराचे एक, खातं मात्र ज्याचं त्यानं भरायचं.

पहिलं काम, सगळ्यांना एकत्र बसवा, कुत्रा नसताना. अर्धा तास पुरतो. आमच्याकडे मी कागद घेऊन प्रत्येकाला विचारलं की तू कुठल्या गोष्टीला काय म्हणतोस, आणि यादी बघून मलाच वाईट वाटलं. "खाली" हा शब्द आम्ही सोफ्यावरून उतर यासाठीही वापरत होतो आणि जमिनीवर आडवी हो यासाठीही, म्हणजे ती सोफ्यावर असताना "खाली" ऐकून सोफ्यावरच आडवी व्हायची ते तिच्या हिशोबानं बरोबरच होतं, आणि आम्ही तिला त्यासाठी ओरडत होतो. "नाही" तर उठताबसता, भुंकली तरी नाही, उडी मारली तरी नाही, चप्पल उचलली तरी नाही. नक्की काय नाही? शेवटी सात शब्द ठरवले: बस, झोप, उतर, सोड, ये, जागेवर, चल. एका कृतीला एक शब्द, दुसऱ्या कशालाही तो नाही. मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावले. इंग्लिश शब्द ठेवले तरी काही बिघडत नाही, फक्त सगळ्यांचे तेच हवेत. आणि कुत्र्याचं नाव घेऊन रागवायचं नाही, नाव म्हणजे फक्त "इकडे लक्ष दे". तसंच "ये" म्हणून बोलावून घेऊन आंघोळ घालायची नाही किंवा नखं कापायची नाहीत, अशा वेळी उठून आपणच त्याच्याकडे जायचं, नाहीतर "ये" ऐकलं की तो पलंगाखाली जायला शिकतो.

नियम ठरवताना एक चूक जवळपास सगळेच करतात, सगळ्यात कडक माणसाच्या मनासारखे नियम करतात. उलट करा. घरात सगळ्यात मऊ मनाचं जे कोण आहे त्यालाही जमतील असेच नियम ठेवा, थोडे ठेवा, पण पाळा. आमचे बाबा झिपरीला सोफ्यावर येऊ देणार नाहीत हे होणारच नव्हतं. मग नियमच बदलला: सोफ्याच्या एका टोकाला तिची चादर, "चढ" म्हटल्याशिवाय चढायचं नाही, "उतर" म्हटल्यावर उतरायचं, आणि यादीत आठवा शब्द आला. बाबांना ते पटलं कारण त्यांना तिला नाही म्हणायला लागत नव्हतं, फक्त आधी एक शब्द बोलायचा होता.

हे एवढं का महत्त्वाचं, कारण अधूनमधून मिळणारी गोष्ट कायम मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त चिकटते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर हे दाखवून दिलं होतं, दर वेळी दाणा मिळणारं वागणं दाणा बंद झाल्यावर लवकर सुटतं, पण कधी मिळतो कधी नाही असं असेल तर प्राणी खूप वेळ प्रयत्न करत राहतो. जेवणाच्या टेबलापाशी पाच जण नाही म्हणतात आणि सहावा हळूच एक तुकडा खाली सोडतो, तर तो सहावाच भीक मागायची सवय पक्की करतोय, आणि बाकी पाच जणांच्या "नाही"ची किंमतही घालवतोय. आणि ही सवय तोडायला घेतलीत की ती आधी वाढते बरं का. जिथं कुणकुणायचा तिथं भुंकेल, पंजा मारेल, मांडीवर चढायला बघेल. सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण नेमक्या त्या तिसऱ्या चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतं "जाऊ दे रे, दे एक तुकडा, किती रडतोय", आणि कुत्रा शिकतो की एवढ्या जोरात भुंकलं की मिळतं.

आता शब्द द्यायचा कसा ते सांगते, सगळं घोडं इथंच अडतं.

शब्द एकदाच बोलायचा. आई एका दमात म्हणायची "बस बस बस गं, बस ना", आणि झिपरी चौथ्या "बस"ला बसायची कारण तिच्यासाठी कमांडच चार शब्दांची होती. मी आईला म्हटलं, आई, एकदा म्हण आणि मनात पाच आकडे मोज, काही बोलू नकोस. पहिल्या दिवशी आई भिंतीला टेकून उभी, हातात खाऊचा डबा, एकदा "बस" म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. झिपरीनं तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दारातून बाजूला झाले. ती परत आईकडे वळली, एक कान मागे गेला, मागचे पाय जरासे वाकले, थांबली, आणि मग एकदाची टेकली. आईनं लगेच खाऊ दिला. लगेच म्हणजे एकदोन सेकंदांत, त्याच्यानंतर दिला तर कुत्रा त्या वेळी जे करत असेल त्याचं ते बक्षीस होतं, तोपर्यंत तो उठलेला असतो आणि तुम्ही उठण्याचं बक्षीस देता. पाच मोजूनही बसला नाही तर? शब्द परत म्हणायचा नाही, ओरडायचं नाही, दोन पावलं मागे जायचं, खाऊ परत डब्यात, अर्ध्या मिनिटानं जरा सोप्या ठिकाणी परत. तिथं गोंगाट असेल तर शांत खोलीत. कुत्र्याला आतल्या खोलीत येतं ते दारात येत नाही आणि दारात येतं ते रस्त्यावर येत नाही, तो मुद्दाम करत नाही, जागा बदलली की त्याला खरंच नव्यानं शिकावं लागतं.

त्यात मी बाजूला झाले ही गोष्ट लक्षात घ्या. ज्याचं कुत्रा ऐकतो त्यानं खोलीबाहेर जायचं. हे आमच्या घरात मलाच सगळ्यात जड गेलं, दुसरं कुणी शिकवत असलं की मधे बोलावंसं वाटतंच. त्यावर एक नियम केला: ज्यानं सुरू केलं त्यानंच संपवायचं. दादानं "ये" म्हटलं की बाकी सगळे गप्प, नाव घ्यायचं नाही, हसायचं नाही, "अरे असं नाही" म्हणायचं नाही. सांगायचं असेल ते नंतर, कुत्र्यामागे.

ज्याचं खातं रिकामं आहे त्याला चांगली कामं द्या. कुत्र्याला जे हवं असतं ते सगळं माझ्याच हातून मिळत होतं, जेवण मी, फिरायला मी, बॉल मी, आणि दादाच्या वाट्याला काय तर ओढणं, आंघोळ, रागावणं. मग जेवणाचं भांडं आणि संध्याकाळचं फिरणं दादाकडे गेलं. पद्धत अगदी साधी आहे. भांडं हातात धरून "बस". बसली की भांडं हळूहळू खाली. मधेच उठली की भांडं परत वर, रागावणं नाही, एक शब्दही नाही. बसली की परत खाली. पहिल्या दिवशी सहासात वेळा वरखाली झालं, चौथ्या दिवशी दोनदा. दारापाशीही तेच, दार उघडायला लागल्यावर ती धावली की दार बंद, बसली की उघड. इथं खाऊसुद्धा लागत नाही, बाहेर जायला मिळणं हेच बक्षीस. हट्टी कुत्र्यांवर हे फार छान लागू पडतं, हस्की, बीगल, टेरिअर असल्या जातींची मंडळी तुम्हाला खूश करायला काही करत नाहीत, त्यांना स्वतःला काय मिळतं ते बघतात, तर बघू द्या, फक्त जे हवंय त्याचा रस्ता तुमच्या शब्दावरून जाऊ द्या.

रोज तासभर शिकवत बसू नका. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनतीनदा, प्रत्येकानं आपापल्या वेळी, आणि जमलेल्या गोष्टीवर थांबायचं.

खाऊचा मात्र हिशोब ठेवावा लागतो. सहा माणसं सहा ठिकाणी ट्रीट देणार म्हटलं तर कुत्रा महिन्यात फुगतो. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच ठेवायचा असतो. आम्ही सकाळी एकच डबा भरतो, तुकडे वाटाण्याएवढे, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं, संपला की संपला, मग शाबासकी नाहीतर बॉल. रोजच्या जेवणातलेच दाणे बाजूला काढून त्यात टाकले तर आणखी चांगलं. आणि मुलांना नीट सांगून ठेवा की चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही द्यायचं नाही, ते कुत्र्याला विषारी आहे.

आता गुरगुरणं. यावर मला जरा कळकळीनं सांगायचंय. गुरगुरलं म्हणून कधीही मारू नका, ओरडूही नका. गुरगुरणं ही सूचना असते, की मला हे सहन होत नाहीये, थांब. ती सूचना दाबलीत तर भीती तशीच राहते, फक्त आवाज बंद होतो, आणि मग पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो आणि लोक म्हणतात अचानक चावला. गुरगुरला तर तिथंच थांबा, हात मागे घ्या, अंतर द्या, आणि नंतर शांतपणे विचार करा की हे कशामुळे झालं. झिपरीच्या बाबतीत ते पट्टा ओढण्यामुळे होतं. मग घरात असताना तिच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, एक हलकी दोरी लावून ठेवली, गळ्याचा पट्टा धरायची वेळच येऊ नये म्हणून, कुणीतरी लक्ष ठेवायला असतानाच, एकटी असताना नाही कारण दोरी अडकते. दादा सोफ्यापासून दोन हात लांब उभा राहून "उतर" म्हणायचा आणि खाऊ जमिनीवर टाकायचा. ती उतरायची, खायची, आणि कधीकधी लगेच "चढ" म्हणून परत वर जाऊ द्यायचा, म्हणजे उतरणं म्हणजे सोफा गेला असं तिच्या डोक्यात बसू नये. तोंडात काही धरलं असेल तर तेच, ओढून काढायचं नाही, त्याहून चांगलं काहीतरी पुढे धरायचं, "सोड", आणि शक्य असेल तेव्हा पहिली वस्तूही परत द्यायची.

लहान मुलांबद्दल माझं मत पक्कं आहे. पुतणी "बस" आणि "झोप" शिकवते, मोठं माणूस शेजारी असताना. पण कुत्र्याला जागेवरून उठवणं, तोंडातलं काढून घेणं, भांड्याजवळ जाणं, झोपलेल्याला हात लावणं हे मुलांचं काम नाही, मुलगी कितीही समजूतदार असो.

कुत्रा सहा महिने ते दीड वर्षाच्या मधला असेल तर थोडा धीर धरा. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की साधारण आठ महिन्यांचे कुत्रे आपल्याच माणसाची "बस" ही कमांड पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी पाळतात, आणि अनोळखी माणसाची मात्र पाळतात. तेव्हा पाहुण्यांनी सांगितल्यावर झटकन बसला आणि तुम्हाला ढिम्म विचारलं नाही तर तो तुमचा अपमान नाही, ते वयच तसं आहे, आणि ते जातं. त्या काळात लोक चिडून कडक होतात आणि जमवलेलं घालवतात, तेवढं टाळा. पण नीट ऐकणारा कुत्रा एकाएकी ऐकेनासा झाला किंवा हात लावल्यावर गुरगुरायला लागला तर आधी व्हेटकडे न्या, कान, दात, सांधे, कुठंतरी दुखत असतं. आणि कातडी फाटेल असा चावा झाला असेल तर हे घरगुती उपाय बाजूला ठेवा, व्हेटला विचारून वागणुकीवर काम करणाऱ्या जाणकार माणसाकडे जा, तोपर्यंत दार किंवा जाळी लावून माणसं वेगळी ठेवा.

राहिली वहिनी. तिला कुत्र्यांची भीती वाटते, लहानपणापासून, आणि तिला झिपरीवर अधिकार वगैरे नकोच होता, फक्त ती अंगावर उडी मारायला नको होती. घरात असं कुणी असेल तर त्याला शिकवण्यात ओढू नका. आम्ही वहिनीला एकच शब्द दिला, "जागेवर". स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल असं एक मॅट टाकलं, मी आधी तिथं जायला शिकवलं, मग वहिनी लांबूनच "जागेवर" म्हणायची आणि मॅटवर खाऊ फेकायची, हातानं भरवायचं नाही की जवळ जायचं नाही. खाऊ येतो तो मॅटवर, म्हणून झिपरीच वहिनीपासून लांब जायला लागली. दीडेक महिन्यानं वहिनी ओट्याकडे तोंड करूनच "जागेवर" म्हणायची, मागे वळून बघायचीसुद्धा नाही, आणि मागून मॅटवर नखं वाजल्याचा आवाज यायचा.

खाऊ लगेच बंद करू नका मात्र. आधी दर वेळी, शब्द पक्का झाला की दोनदा सोडून एकदा, मग कधीही, अंदाज न येईल असं. टेबलाखालच्या अधूनमधून मिळणाऱ्या तुकड्यानं भीक मागणं जसं पक्कं केलं होतं तसंच आता याच्यानं "जागेवर" पक्कं होतं. वहिनी अजून आठवड्यातून चारपाच वेळा टाकते, कुठल्या वेळी ते तिचं तिलाही ठरलेलं नसतं.